रेंजर आणि त्यांचे गुरू

दलदलीतून किंवा भुसभुशीत जमिनीवरून जाताना एकामागोमाग चालायचं नाही. फाकून, एकमेकांच्या शेजारून चालायचं, म्हणजे मागावर आलेल्याला पायवाट सापडत नाही. जमीन कडक लागली की पुन्हा रांग धरायची, पण दोघांत इतकं अंतर ठेवून की एका गोळीने दोघं पडू नयेत. मुक्कामाला अर्धे जागे, अर्धे झोपलेले. पहाट फुटायच्या आधी मात्र सगळे उठून तयार, कारण हल्ला बहुतेक त्याच वेळी होतो. कैदी हाती लागले तर त्यांना वेगवेगळं ठेवून वेगवेगळं विचारायचं. आणि गेलात त्या वाटेने परत यायचं नाही.

१७५७ साली उत्तर अमेरिकेतल्या ब्रिटिश फौजेसाठी असे २८ नियम कागदावर उतरवले गेले. लिहिणारा होता रॉबर्ट रॉजर्स, ‘रेंजर’ तुकड्यांचा प्रमुख. आजही अमेरिकी सैन्यातले रेंजर त्याला आपला मूळपुरुष मानतात. पण हे नियम वाचताना सारखं वाटत राहतं, की घर सोडून परमुलखात वसायला आलेल्या शेतकऱ्यांच्या एकदोन पिढ्यांना हे आपणहून सुचणं शक्य नाही. ही त्या रानातच जन्मलेल्या माणसांची विद्या आहे. ती कुणाची होती, कशी घेतली गेली आणि देणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे समजून घेतल्याशिवाय रेंजरांची गोष्ट कळत नाही.

आधी शब्द. आपल्याकडे रेंजर म्हटलं की वनखात्यातले वनक्षेत्रपाल डोळ्यांपुढे येतात. मूळ अर्थ त्यापासून फार लांब नाही: एखाद्या मुलखात फिरत राहून त्यावर नजर ठेवणारा. सतराव्या शतकात इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींत गढ्यांच्या मधल्या पट्ट्यात गस्त घालणाऱ्यांना हे नाव मिळालं. हे नियमित फौजेतले शिपाई नव्हते. वसाहत किंवा सेनापती ठरावीक मुदतीसाठी माणसं भरती करी, पगार ठरवी, काम संपलं की तुकडी मोडी. कवायत, रांगा, लाल कोट यांच्याशी त्यांचा संबंध जेमतेमच.

दुसरा शब्द सरहद्द. नकाशावर आखलेली रेघ असं काही तिथे नव्हतंच. कित्येक कोसांचा रानपट्टा, त्यात एकीकडे इंग्रज वसाहतवाल्यांची नवी शेतं, दुसरीकडे फ्रेंचांचे किल्ले, आणि सगळीकडे मूळनिवासींची गावं, शिकारीची रानं, मक्याची शेतं, नदीतल्या होड्यांच्या वाटा. इंग्रज ज्याला सरहद्द म्हणत, ते दुसऱ्या कुणाचं तरी घर होतं. (मराठीत या लोकांना सर्रास ‘रेड इंडियन’ म्हटलं जातं. ते नाव बाहेरच्यांनी दिलेलं आणि चुकीचं आहे. मोहिकन, आबेनाकी, वाम्पानोआग, मिकमॅक अशी त्यांची स्वतःची नावं आहेत, आणि ती वेगवेगळी राष्ट्रं आहेत.)

आता प्रश्न असा, की जगभर लढणाऱ्या ब्रिटिश फौजेला अशा फिरत्या टोळ्यांची गरज का पडली?

उत्तर बंदुकीत आहे. त्या काळची मस्केट आतून गुळगुळीत नळीची. शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरून तो लागेलच याची खात्री नाही. म्हणून युरोपात शेकडो शिपाई खांद्याला खांदा लावून उभे करत आणि हुकमासरशी सगळ्यांना एकदम बार उडवायला लावत. एकाचा नेम चुकला तरी चालेल, गोळ्यांची भिंतच समोरच्यावर कोसळली पाहिजे. मोकळ्या मैदानात ही पद्धत भयंकर परिणामकारक होती. पण घनदाट रानात रांग धरायला जागा नाही, शत्रू दिसत नाही, आणि लाल कोटातला घोळका मात्र झाडामागच्या माणसाला स्पष्ट दिसतो.

९ जुलै १७५५ रोजी, आजच्या पिट्सबर्गजवळ मोनाँगहेला नदीच्या काठी, हे रक्तानिशी सिद्ध झालं. उत्तर अमेरिकेवरच्या ताब्यासाठी तेव्हा ब्रिटिश आणि फ्रेंच एकमेकांशी लढत होते. ब्रिटिश जनरल ब्रॅडॉक सुमारे १३०० माणसांची फौज घेऊन फ्रेंचांच्या किल्ल्यावर निघाला होता. समोर आले सुमारे ९०० जण, त्यातले निम्म्याहून कितीतरी अधिक मूळनिवासी योद्धे. ते झाडांआडून दोन्ही बाजूंनी पसरले. ब्रिटिश शिपाई जसे शिकवले होते तसे एकत्र गोळा झाले आणि एकत्रच पडले. सुमारे ९०० जण ठार किंवा जखमी. ब्रॅडॉक स्वतः जखमांनी मेला. त्याच्या हाताखाली असलेला २३ वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन वाचला.

गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. मुलूख ज्याच्या ओळखीचा, त्याची थोडी माणसंही पुष्कळ होतात. फरक एवढाच की इथे मुलूख ओळखीचा होता तो मूळनिवासींच्या. इंग्रजांपुढे दोनच मार्ग होते: त्यांच्याकडून शिकायचं, किंवा त्यांनाच आपल्या बाजूने लढायला लावायचं. रेंजर तुकड्या म्हणजे या दोन्हींची मिळवणी.

याची सुरुवात मोनाँगहेलाच्या ऐंशी वर्षं आधी झाली होती. १६७५ मध्ये वाम्पानोआगांचा प्रमुख मेटाकॉम याच्या नेतृत्वाखाली न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या इंग्रज वसाहतींत, मोठा उठाव झाला. इंग्रज त्याला ‘किंग फिलिप’ म्हणत. वसाहतींची पलटण रानात चाचपडत होती आणि गावं जळत होती. प्लिमथ वसाहतीच्या बेंजामिन चर्चला १६७६ च्या उन्हाळ्यात नवी तुकडी उभारायची परवानगी मिळाली, आणि त्याने इंग्रजांबरोबर मूळनिवासीही घेतले. त्यातले पुष्कळ आदल्या महिन्यापर्यंत मेटाकॉमच्या बाजूने लढत होते. शरण आलेल्यापुढे पर्याय सरळ होता: माझ्याबरोबर चल, नाहीतर गुलाम म्हणून विकला जाशील. त्यांच्याकडूनच चर्च पांगून चालायला, गुपचूप हिंडायला शिकला. १२ ऑगस्ट १६७६ रोजी मेटाकॉमला गोळी घातली ती चर्चच्या तुकडीतल्या जॉन ऑल्डरमन या मूळनिवासी शिपायाने. मेटाकॉमचं डोकं प्लिमथमध्ये खांबावर लावलं गेलं आणि कित्येक वर्षं तिथेच राहिलं.

पुढची शंभर वर्षं हाच साचा वेगवेगळ्या नावांनी दिसत राहतो. १७४४ मध्ये जॉन गोरहॅमने मॅसॅच्युसेट्समध्ये उभारलेली रेंजर तुकडी नोव्हा स्कोशियात (आजच्या कॅनडात) ॲनापोलिस रॉयल या इंग्रज ठाण्याच्या बचावाला गेली. तिच्यात सुरुवातीला बहुसंख्य मूळनिवासी होते, मुख्यतः केप कॉडकडचे. त्यांना लढवलं गेलं मिकमॅक लोकांविरुद्ध. पुढे हीच तुकडी क्वीबेकला गेली आणि १७६२ मध्ये थेट क्यूबातल्या हवानापर्यंत.

रॉबर्ट रॉजर्सकडे येऊ. जन्म १७३१, आईवडील आयर्लंडच्या उत्तर भागातून आलेले, बालपण न्यू हॅम्पशरच्या रानाकाठच्या वस्तीत. १७५५ मध्ये खोट्या नोटांच्या प्रकरणात त्याचं नाव आलं, आणि खटला उभा राहायच्या आत तो माणसं जमवून फौजेत दाखल झाला. मार्च १७५६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर शर्ली याने त्याला स्वतंत्र रेंजर तुकडी उभारायचा हुकूम दिला: ६० शिपाई, तीन सार्जंट, दोन अधिकारी, आणि कपडे, हत्यार, घोंगडी यांसाठी माणशी दहा स्पॅनिश डॉलर. पगार साध्या ब्रिटिश शिपायाच्या दुपटीहून जास्त. यावरून सेनापतींची कायम कुरकुर चाले, पण काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

हे काम नीट समजायला भूगोल लागतो. न्यूयॉर्कहून उत्तरेला हडसन नदीने वर जा. जरा जमिनीवरून चालून जॉर्ज सरोवर गाठा. ते संपतं तिथून शॅम्प्लेन सरोवर, त्यातून निघणारी रिशलिय नदी, आणि ती सेंट लॉरेन्सला मिळते की फ्रेंच कॅनडाचं काळीज. शेकडो मैल रानात तोफा न्यायला हा पाण्याचाच रस्ता. दक्षिण टोकाला इंग्रजांचे फोर्ट एडवर्ड आणि फोर्ट विल्यम हेन्री, मध्यावर फ्रेंचांचे कारियाँ आणि सेंट फ्रेडरिक. मधल्या पट्ट्यात कोण किती माणसं घेऊन हलतंय, हे ज्याला आधी कळेल तो वाचेल.

म्हणजे रेंजरचं खरं काम लढाईपेक्षा बातमीचं. रात्री होडीतून किल्ल्याजवळ जायचं, तंबू मोजायचे, एखादा शिपाई जिवंत पकडून आणायचा आणि त्याला बोलतं करायचं. हिवाळ्यात नियमित फौजा किल्ल्यांत बसत तेव्हा यांचा खरा हंगाम सुरू होई. सरोवरं गोठली की त्यावरून बर्फावरच्या बुटांनी चालत, कधी स्केटवर घसरत. बर्फात न बुडता चालायचे ते जाळीचे रुंद बूट मूळनिवासींचे. मऊ चामड्याचे आवाज न करणारे मोकासिन त्यांचे. पायाला गुंडाळायचे लेगिंग त्यांचे. हलकी कुऱ्हाड घडवली युरोपी लोहारांनी, पण वापरायची रीत त्यांची. गुरू तर सोबतच होते: मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला स्टॉकब्रिज नावाच्या मिशनवस्तीतले मोहिकन लोक. त्यांच्या स्वतंत्र तुकड्या स्वतःच्या अधिकाऱ्यांखाली रॉजर्सच्या रेंजरांबरोबर काम करत. त्यातल्या एका अधिकाऱ्याचं नाव लक्षात ठेवायला हवं, जेकब चीकसॉनकन. रॉजर्सच्या चरित्रांची रास पडेल. चीकसॉनकनचं नाव शोधावं लागतं.

नियम माहीत असणं आणि पाळणं या दोन गोष्टी. जानेवारी १७५७ मध्ये रॉजर्स ७४ जण घेऊन गोठलेल्या सरोवराकडे गेला. फ्रेंचांच्या घसरगाड्यांवर छापा घातला, सात कैदी मिळाले. काही गाड्या मात्र निसटून किल्ल्याकडे गेल्या, म्हणजे बातमी फुटलीच. पाऊस पडत होता, बंदुका भिजल्या होत्या. आदल्या रात्रीच्या मुक्कामी अजून विस्तव होता. तिथे जाऊन बंदुका सुकवल्या आणि आलेल्या वाटेनेच सगळे परत निघाले. एका घळीत दबा धरलेल्या फ्रेंच आणि मूळनिवासी योद्ध्यांनी त्यांना गाठलं. अंधार पडेपर्यंत लढून उरलेले कसेबसे निसटले. गेल्या वाटेने परत येऊ नये हा नियम त्याच वर्षी लिहिलेल्या २८ नियमांत आहे. तो वाचताना मला ही घळ आठवते.

पुढच्याच वर्षी, १३ मार्च १७५८ रोजी, त्याच भागात रॉजर्सच्या सुमारे १८० माणसांपैकी शंभराहून जास्त मेले. हे मुद्दाम सांगतो, कारण रेंजर अजिंक्य होते अशी एक समजूत आहे. समोरचे कॅनडावासी आणि त्यांचे मूळनिवासी दोस्त या विद्येत त्यांच्याहून पुढे होते. रेंजर होते ते चांगले विद्यार्थी.

विद्यार्थ्यांना शिस्त लावणंही सोपं नव्हतं. फोर्ट एडवर्डसमोरच्या हडसन नदीतल्या बेटावर त्यांची छावणी होती. डिसेंबर १७५७ मध्ये तिथे काही जणांना फटके मारले गेले, तेव्हा चिडलेल्या रेंजरांनी फटक्यांचा खांबच कुऱ्हाडीने तोडून टाकला. ब्रिटिश अधिकाऱ्यांना धक्का बसला. असल्या बेशिस्त, महागड्या माणसांवर अवलंबून राहण्यापेक्षा आपल्याच शिपायांना ही पद्धत शिकवावी, म्हणून त्याच सुमारास थॉमस गेज या ब्रिटिश अधिकाऱ्याने हलक्या पायदळाची नवी पलटण उभारली. रॉजर्सचे नियमही मुळात ब्रिटिश तरुणांच्या अशाच एका शिकाऊ गटासाठी लिहिलेले. म्हणजे विद्येचा प्रवास असा झाला: मोहिकन गावातून रेंजरकडे, रेंजरकडून छापील कागदावर, कागदावरून पलटणीत. प्रत्येक पायरीवर मूळ मालकाचं नाव थोडं पुसट झालं.

आता या विषयातला सगळ्यात काळा भाग. पगाराखेरीज रेंजरांना आणखी एक कमाई होती: शत्रूच्या डोक्याची केसांसकट सोललेली कातडी आणून दिली की सरकारी इनाम. १७२५ मध्ये जॉन लव्हवेलची टोळी दहा कातडी घेऊन बोस्टनमध्ये आली आणि १००० पौंड घेऊन गेली. १७४९ मध्ये नोव्हा स्कोशियाचा गव्हर्नर कॉर्नवॉलिस याने मिकमॅकांसाठी असंच इनाम लावलं. १७५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्पेन्सर फिप्सने पेनॉब्स्कॉट लोकांविरुद्ध जाहीरनामा काढला: पुरुषाच्या कातडीला ४० पौंड, बाईच्या किंवा बारा वर्षांखालच्या मुलाच्या कातडीला २० पौंड. सरकारी कागदावर लेकरांच्या जिवाचा दर लिहिलेला होता. कातडी सोलायची प्रथा मूळनिवासींची होती असं सांगून हा विषय अनेकदा झटकला जातो. प्रथा काही समाजांत होतीच. पण दरपत्रक लावून, तिजोरीतून पैसे मोजून तिचा धंदा केला तो वसाहतींनी, पुढे फ्रेंचांनीही. आणि एकदा पैसे मिळायला लागले की कातडी कुणाची आहे, शत्रूची की शेजारच्या मित्रगावातली, हे ओळखायचा मार्गच उरत नाही.

ओडानाकचं काय झालं, ते या पार्श्वभूमीवर वाचावं. कॅनडात सेंट फ्रान्सिस नदीकाठचं हे आबेनाकी गाव. तिथले बरेच लोक न्यू इंग्लंडमधून आधीच्या युद्धांत उखडले जाऊन आलेले. त्या गावातून इंग्रज वस्त्यांवर अनेक हल्ले झाले होते, हेही खरं. सप्टेंबर १७५९ मध्ये सेनापती ॲमहर्स्टने रॉजर्सला सूड घ्यायला पाठवलं. लेखी हुकमात बायकामुलांना इजा करू नये असं स्पष्ट होतं. सुमारे २०० जण निघाले. मागे दडवलेल्या होड्या फ्रेंचांना सापडल्या, परतीची वाट तुटली, तरी ते कित्येक दिवस गुडघाभर पाण्यातून चालत राहिले. ४ ऑक्टोबरला पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी, उरलेले सुमारे १४० जण गावावर तुटून पडले. घरं आणि चर्च पेटवलं.

रॉजर्सने अहवालात लिहिलं, किमान २०० ठार. फ्रेंचांच्या नोंदीत आकडा सुमारे ३०, आणि त्यात २० बायका आणि मुलं. हुकूम कागदावरच राहिला.

आबेनाकी कुटुंबांनी ही रात्र पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली, आणि विसाव्या शतकात ती लिहून घेतली गेली. त्या आठवणीत एक प्रसंग आहे. आदल्या रात्री गावात नाच चालला होता. एक मुलगी गार वाऱ्याला बाहेर थांबली. अंधारातून एक अनोळखी माणूस तिच्याशी बोलला. म्हणाला, घाबरू नकोस, मी मित्र आहे, रानात माणसं लपली आहेत, आपल्या लोकांना सावध कर. काहींनी ऐकलं आणि बायकामुलांना घळीत लपवलं. काहींना पटलं नाही. तो माणूस रॉजर्सच्या तुकडीतलाच, स्टॉकब्रिजचा असावा, असं मानलं जातं. मला हा प्रसंग रेंजरांच्या साऱ्या इतिहासात सगळ्यात मोलाचा वाटतो. इंग्रजांच्या पगारावर शेकडो मैल चालून आलेला माणूस शेवटच्या रात्री समोरच्या गावात आपली माणसं पाहतो. २०० आणि ३० यांतल्या फरकाचा काही भाग त्याच्या त्या चार वाक्यांत असेल.

परतताना रेंजरांची भयानक उपासमार झाली. लुटलेला मका संपला, टोळ्या वेगळ्या झाल्या. परतीच्या वाटेवरच्या कोअस भागात रसद घेऊन आलेला अधिकारी वाट पाहून निघून गेला होता. काहींनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. जवळपास ५० जण परतले नाहीत. ओडानाक मात्र संपलं नाही. ते गाव आजही तिथेच आहे, आणि आबेनाकींचं संग्रहालयही त्याच गावात आहे.

स्थानिकांनाच पगार देऊन स्थानिकांविरुद्ध वापरायची रीत अमेरिकेपुरती नव्हती. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि सातपुड्यातल्या भिल्लांशी चकमकी सुरू झाल्या. पलटणींना डोंगर आवरेनात. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच ‘खानदेश भिल्ल कोअर’ उभारली, तळ धरणगावला. दोन मुलूख, दोन काळ, परिस्थितीही वेगळी. तरी जळगावकडच्या कुणालाही बेंजामिन चर्चची तुकडी समजायला अवघड जाऊ नये.

स्टॉकब्रिजच्या लोकांचं आणि त्यांच्यात येऊन राहिलेल्या वापिंजर लोकांचं काय झालं, ते आता सांगतो. पुरुष ब्रिटिशांसाठी लढायला गेले, बायकामुलं स्टॉकब्रिजला राहिली, आणि तेवढ्यात हडसन खोऱ्यातल्या वापिंजरांच्या जमिनींवर बड्या जमीनदारांनी आपला हक्क पक्का करून टाकला. १७६६ मध्ये वापिंजरांचा प्रमुख डॅनियल निमहॅम आणि जेकब चीकसॉनकन समुद्र ओलांडून लंडनला दाद मागायला गेले. तिथे सहानुभूती मिळाली. न्यूयॉर्कला परतल्यावर दावा फेटाळला गेला.

म्हणून दहा वर्षांनी अमेरिकी क्रांती पेटली तेव्हा ते राजाविरुद्ध, वसाहतींच्या बाजूने उभे राहिले. तिकडे कर्जात बुडालेला रॉजर्स १७७६ मध्ये राजाच्या बाजूने नवी तुकडी उभारत होता, तिचं नाव क्वीन्स रेंजर्स. पुढच्या वर्षी त्याला तिथून दूर केलं गेलं (तो १७९५ मध्ये लंडनमध्ये गरिबीत मेला), पण तुकडी टिकली आणि सिमको नावाच्या अधिकाऱ्याकडे गेली.

३१ ऑगस्ट १७७८ रोजी न्यूयॉर्कच्या उत्तरेला, आजच्या ब्रॉन्क्समध्ये, सिमकोच्या माणसांनी स्टॉकब्रिजच्या तुकडीला दबा धरून घेरलं. दबा धरायची जी विद्या रॉजर्सच्या रेंजरांनी यांच्या वडीलधाऱ्यांकडून उचलली होती, तीच रॉजर्सने उभारलेल्या तुकडीने यांच्यावर चालवली. डॅनियल निमहॅमने आपल्या माणसांना पळायला सांगितलं. मी म्हातारा आहे, मी इथेच मरतो, असं तो ओरडल्याचं स्वतः सिमकोने नोंदवून ठेवलंय. निमहॅमने सिमकोला जखमी केलं आणि मग तो मारला गेला. त्याचा मुलगा अब्राहमही त्याच दिवशी पडला. युद्ध संपल्यावर स्टॉकब्रिजची उरलेली जमीनही हातची गेली आणि लोक पश्चिमेकडे सरकत राहिले. त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिनमध्ये आहेत.

ब्रॉन्क्समधल्या व्हॅन कोर्टलँड उद्यानात त्या जागी दगडांचा एक ढीग रचलेला आहे, १९०६ सालचा. त्यावरच्या पाटीवर निमहॅमचं नाव आहे. त्याच्याबरोबर पडलेल्या बाकीच्यांचा उल्लेख आहे तो फक्त आकड्याने: सतरा.